कारली वाकायच्या आधी

मृगाला वेल लावायचे तर तयारी मेच्या शेवटच्या आठवड्यात. कुंड्या, माती, शेणखत, मांडव यावर मी वेळ घालवत नाही. मांडवाला दोरी तेवढी नायलॉनची घ्या, सुतळी पावसात कुजते. आणि बी आणायला जाल त्याच फेरीत फळमाशीचा सापळा आणा. ‘लागला तर आणू’ नको. त्याच फेरीत.

गेल्या वर्षी मी तो ऑगस्टमध्ये आणला. गच्चीवर कारल्याचे चार वेल, दोडक्याचे दोन. पहिली कारली बोटाएवढी झाली आणि एका अंगाला वाकायला लागली. वाकल्या जागी डिंकासारखा तपकिरी थेंब. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं! मग एक अवेळी पिवळं पडलेलं कारलं ओट्यावर चिरलं. आत पांढऱ्या अळ्या, आणि त्यातल्या दोन चक्क उडी मारून विळीपलीकडे पडल्या. सासूबाईंनी त्यानंतर आठवडाभर गच्चीतली भाजी खाल्ली नाही.

बरं, आणला तो सापळाही चुकीचा. दुकानात नुसतं ‘फळमाशीचा द्या’ म्हटलं की आंब्याचा हातात पडू शकतो. त्यात मिथाईल युजेनॉल असतं, त्याला आंब्या-पेरूवरच्या माश्या येतात. कारली, दोडका, काकडी, दुधी यांच्या माशीला क्यू ल्युर लागतं. माझ्या सापळ्यात रोज माश्या पडत होत्या, मी खूश, आणि कारली आपली वाकतच होती. पाकिटावरची अक्षरं वाचा. क्यू ल्युर. पाकीट आत्ता फोडू नका. वेल मांडवावर चढला की, पहिली कळी दिसायच्या आधी टांगा. कळी दिसल्यावर नाही, आधी.

सापळ्यात फक्त नर अडकतात. अंडी घालणारी मादी मोकळीच फिरते, तेव्हा पिशव्याही हव्यात. कारल्याचं मादी फूल इवलंसं कारलं पाठीशी घेऊनच येतं. फूल सुकलं की त्या कारल्याला पिशवी चढवायची. कागदाची पावसात लोळागोळा होते. मी जुन्या सुती ओढणीच्या शिवल्यात, तोंडाला नाडी, कारल्याला वीतभर, दोडक्याला दोन वीत. वीस-पंचवीस आत्ताच शिवून ठेवा, जुलैत मशीन काढायचा उत्साह राहत नाही.

किडलेलं फळ कुंडीत किंवा कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी हजर. मी ‘खत होईल’ म्हणून महिनाभर कुंडीतच टाकत होते, म्हणजे माश्या मीच पाळल्या. अशी फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात.

रोप दोन पानांचं असताना लाल भुंगेरे येतात, पानाची चाळणी करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. लाकडाची राख भुरभुरली तरी चालते, पण सर आली की परत तेच काम.

निंबोळी पावडर आणून ठेवा. ५० ग्रॅम पावडर फडक्यात बांधून १ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी पिळून गाळायची, चिमूटभर साबण, आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात त्याचा जोर जातो. फुलांवर मात्र नको. दोडक्याची फुलं संध्याकाळीच उमलतात, तेवढं जपा.

मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याचा जोरात फवारा, आणि मुंग्यांची रांग तोडा, त्याच त्यांना सांभाळतात. नागअळीची, म्हणजे पांढऱ्या नागमोडी रेघा उठलेली पानं खुडा. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट कागद. खारींपुढे मी हात टेकलेत, त्यांचं मला विचारू नका.

क्यू ल्युरची वडी साधारण दीड महिन्याने बदलायची असते. हेही विसरायला होतं, म्हणून कॅलेंडरवर २० ऑगस्टच्या चौकटीत मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: वडी.