इन्व्हर्टर-चार्जर ऐन वेळी बंद पडतो? या चुका टाळा

फ्रीजचा कॉम्प्रेसर उठला की आमचा इन्व्हर्टर 'लो बॅटरी' दाखवून बंद पडायचा. बॅटरी भरलेली, तिच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावला की १२.६ व्होल्ट. तरीही आठ दिवस मी बॅटरीलाच दोष देत होतो. मग एकदा मीटर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर धरला आणि फ्रीज लावायला सांगितला. कॉम्प्रेसर उठताच आकडा १०.४ वर आला. तीच परीक्षा पुन्हा बॅटरीच्या टर्मिनलवर केली, तर तिथे १२.१. मधले १.७ व्होल्ट वायरीत जिरत होते. फ्रीज काढून बाकीचा लोड अर्धा तास चालवला आणि निगेटिव्हच्या लगला (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीला) बोट टेकवलं, तर चटका बसला. लग नीट क्रिम्प केलेला (हत्याराने वायरीवर घट्ट दाबून बसवलेला) नव्हता, नुसता पकडीने चेपलेला होता. बॅटरीही चांगली होती आणि यंत्रही.

म्हणून पहिलं सांगणं हेच: व्होल्टेज लोड चालू असताना मोजा, आणि दोन्ही टोकांना मोजा. १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये पूर्ण लोडवर दोन्हीकडच्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक दिसला, तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड ढिला आहे. ३००० वॉटचा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीवरून घ्यायचा तर नुसत्या भागाकाराने २५० अँपिअर येतात, आणि इन्व्हर्टरची स्वतःची घट धरली की २७५च्या वर. तोच लोड ४८ व्होल्टवर ७० अँपिअरच्या आसपास येतो. मोठा लोड असेल तर १२ व्होल्टचा हट्ट धरू नका. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि तो डीसीसाठीचा, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या करंटसाठीचा हवा. घरच्या लाइनचा, म्हणजे एसीचा साधा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) तिथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

आता यंत्राकडे. इन्व्हर्टर-चार्जर म्हणजे एका डब्यात तीन कामं: बॅटरीच्या डीसीचा एसी करणं, बाहेरून आलेल्या एसीने बॅटरी भरणं, आणि लाइट गेली-आली की लोड इकडून तिकडे वळवणं. बाहेरचा सप्लाय असतो तेव्हा तोच लोडला थेट जातो आणि उरलेल्यातून बॅटरी भरते. सप्लाय गेला की आतला रिले साधारण १० ते २० मिलिसेकंदांत लोड बॅटरीवर आणतो. तुमची बॅटरी कोणती, जनरेटर केवढा, हे मात्र डब्याला आपोआप कळत नाही. ते सेटिंगमधून सांगावं लागतं, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाण्याची ट्यूब्युलर, एजीएम आणि जेल (या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड) आणि लिथियम यांचं चार्जिंग सारखं नसतं. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला आधी पूर्ण करंट मिळतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतात, आणि भरली की १३.५ ते १३.८च्या फ्लोटवर (भरलेली बॅटरी तशीच टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर) आणतात. फ्लोट जास्त ठेवलात तर पाणी भराभर उडतं. कमी ठेवलात तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि दोन वर्षांत 'बॅकअप कमी झाला' म्हणून ती फेकली जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटला इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) पूर्ण बंद हवं, तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी सेटिंगही बंद हवी, आणि सेलचं तापमान शून्य अंशाखाली असताना चार्जिंग करूच नये. लेड-अ‍ॅसिडला उलट ती तापमानाची सेटिंग हवी: १२ व्होल्टमागे दर अंशाला साधारण १८ ते २४ मिलिव्होल्ट, उष्णता वाढली की कमी. त्यासाठी सेन्सर बॅटरीलाच चिकटवायचा असतो. तो भिंतीवर लोंबकळत ठेवलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता तपासणी तिथूनच सुरू करतो.

चार्जिंगचा करंटही सांगावा लागतो. पाण्याच्या बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवा: १५० अँपिअर-अवरला १५ अँपिअर. इथे एक गफलत हमखास होते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-अवर नाहीत. करंट १५ अँपिअरच राहतो, ३० नाही.

जनरेटर लावल्यावर तो घुसमटून बंद पडत असेल, तर जनरेटरला दोष देण्याआधी हिशोब करा. २ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत) जनरेटर २३० व्होल्टवर जेमतेम ८.७ अँपिअर देतो. घरचा लोड १२०० वॉट, आणि वर २४ व्होल्टला ५० अँपिअरने चार्जिंग लावलं तर घटीसह तेच १६०० वॉटच्या पुढे जातं. बेरीज जनरेटरच्या आवाक्याबाहेरची. इनपुट करंट लिमिट ७ अँपिअरवर ठेवा. ही सोय असलेलं यंत्र लोड आधी भागवतं आणि उरेल तेवढंच बॅटरीला देतं. सोय नसेल तर चार्जिंगचा करंट हाताने कमी करा.

जनरेटर चालू, तरी यंत्र तो घ्यायलाच तयार नाही? बहुतेक वेळा इनपुटची मर्यादा अरुंद, म्हणजे यूपीएस मोडवर असते. लहान जनरेटरचं व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी हेलकावे खातात, ते त्या मर्यादेत बसत नाहीत. रुंद मर्यादेच्या अप्लायन्स मोडवर टाका, घेईल. पण मग लाइट जाताना काँप्युटर रिस्टार्ट होण्याची शक्यता वाढते. दोन्ही तक्रारी एकाच सेटिंगच्या आहेत, म्हणून काय जास्त महत्त्वाचं ते ठरवून मोड निवडा.

आता जिवाशी खेळणारी गोष्ट. इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्हीकडे प्लग असलेल्या वायरीने घरच्या सॉकेटमध्ये कधीही घुसवू नका. मेन स्विच चुकून चालू राहिला तर करंट उलटा लाइनवर जातो, आणि तिथे काम करणाऱ्या वायरमनला ती लाइन बंदच वाटत असते. लाइट परत आली की इन्व्हर्टरही जळतो. बॅकअपच्या सर्किटांचा न्यूट्रलही वेगळा ठेवा. तो बाकीच्या घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की करंट भलत्याच वाटेने परततो आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) ट्रिप होतो. बॅटरीवर चालताना आउटपुटचा न्यूट्रल यंत्र स्वतः अर्थला जोडतं का, हे मॅन्युअलमध्ये पाहून, अर्थिंग मोजूनच इलेक्ट्रिशियनकडून हे काम करून घ्या.

केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे. ५ केव्हीएच्या डब्यावर बारीक अक्षरात ४००० वॉट लिहिलेलं असू शकतं.

ऑफ-ग्रिड असाल तर यंत्राचं स्वतःचं खाणंही मोजा. लोड शून्य असताना ५० वॉट घेणारा इन्व्हर्टर दिवसाला १.२ युनिट खातो. २४ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत एकूण ४.८ युनिट, म्हणजे पाव बॅटरी दिवा न लावताच गेली. सर्च मोडने (लोड नसताना यंत्र झोपतं आणि अधूनमधून लोड आहे का ते तपासतं) हे वाचतं, पण एखादा छोटा एलईडी दिवा त्याला लोड म्हणून जाणवत नाही आणि लुकलुकत राहतो. तसं झालं तर सर्च मोडची वॉटची मर्यादा खाली आणा.

पॅरलल बॅटऱ्यांत पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्या, नाहीतर जवळचीच बॅटरी राबते आणि आधी मरते. जुनी-नवी एकत्र जोडू नका. पाण्याच्या बॅटरीवर इन्व्हर्टर टांगू नका, तिच्या वायूने सर्किट बोर्ड गंजतो. आणि महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मेन स्विच स्वतः खाली करा. फ्रीज, पंप, जे खरोखर चालवायचंय ते चालवा, आणि तेव्हाच मीटर धरून दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. पुढच्या महिन्यात फरक ०.२ वरून ०.४ झालेला दिसला, तर इन्व्हर्टर आणि बॅटरीकडचा डीसी स्विच बंद करून त्याच दिवशी पाना घेऊन नट आवळा.