कॅल्क्युलेटरचं कव्हर आज रात्रीच काढून ठेव

गेल्या सेमिस्टरला पेपरची पहिली दहा मिनिटं तू कव्हराशी कुस्ती खेळण्यात घालवलीस, म्हणून या वेळी मामाचं ऐक. हे काम आज रात्री, जेवण झाल्यावर. आधी हात साबणाने धू. आपल्या इंदूरात रात्री घरी शेव होणारच, आणि तेलकट बोटं प्लॅस्टिकवरून नुसती घसरतात.

टेबलावर जुना पंचा दुमडून अंथर. कव्हर सुटतं ते एकदम सुटतं, आणि कॅल्क्युलेटर थेट फरशीवर. कॉलेजात माझा असाच गेला. नंतर दोन वर्षं त्याच्या स्क्रीनवर शेवटच्या आकड्यातली एक रेघ उमटायचीच नाही, म्हणून तिथला 8 मला 6 दिसायचा आणि 9 चा 5. बेरीज बरोबर आणि उत्तर चूक, हे सरांना पटवणार कसं?

पंच्याशेजारी कोरडा टूथब्रश, लाकडी टूथपिक, मेणबत्तीचा तुकडा आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे ठेव. नेलपेंट रिमूव्हर आईच्या कपाटातच राहू दे. त्यातलं अ‍ॅसिटोन असलं प्लॅस्टिक विरघळवतं. खोबरेल तेलही नको, ते बटणांच्या फटीत उतरतं आणि मग धूळ धरून बसतं. स्क्रूड्रायव्हरचं तर नावच काढू नकोस.

आता दिशा. निम्मे लोक इथेच चुकतात. कॅसिओच्या माहितीपत्रकात कव्हर खाली सरकवायला सांगितलंय, म्हणजे स्क्रीनकडून बेरीज-वजाबाकीच्या बटणांकडे. आपण ओढतो वर. मित्राचा दुसऱ्या कंपनीचा असेल तर दोन्ही टोकं नीट बघ. जे बंद आहे तिकडे जोर लावून काही होणार नाही.

दोन्ही कडांच्या खाचा उजेडात धर. धूळ टूथब्रशने निघेल. नावाची पट्टी चिकटवलीस तिचा डिंक खाचेत ओघळला असेल, तो टूथपिकने, घाई न करता. मग हातमोजे घालून दोन्ही अंगठे दोन कडांवर, सारखा जोर. एकाच बाजूने ढकललंस तर कव्हर तिरकं होऊन आणखी घट्ट बसेल, जुन्या कपाटाचा खण बसतो तसं. स्क्रीनच्या मधोमध मात्र दाबायचं नाही.

हेअर ड्रायर काढू नकोस. कव्हर आणि अंग एकाच जातीचं प्लॅस्टिक असलं तर दोन्ही बरोबरच फुगतात, सुटं काहीच होत नाही. स्क्रीन मात्र काळी पडते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिल्यावर पडली होती तशी. थंडावली की आली परत, पण दर वेळी येईलच असं नाही.

कापायचा विचार मनात आला तर कव्हराच्या आतली बाजू आठव. तुझ्या कॅसिओ 991 एमएसला 40 स्थिरांकांची (प्रकाशाच्या वेगासारख्या ठरलेल्या आकड्यांची) यादी तिथेच छापली आहे.

निघालं की खाचांवर मेणबत्ती घास, जादा मेण पुसून टाक आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर कर. मग कव्हर पाठीला लावून ठेव. झटापटीत अंगठा कुठल्याही बटणावर पडतो, म्हणून झोपायच्या आधी साइन 30 करून बघ. 0.5 आलं तर ठीक. −0.988 आलं तर तो रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात गेलाय, डिग्रीत आणून ठेव.