पहिला स्वस्तातला जीपीएस घेताय? मग या चुका टाळा

जीपीएस घ्यायचा म्हटलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, ॲक्युरसी किती आहे हो याची? मी पण हाच विचारला होता, विकणाऱ्याने छाती फुगवून काहीतरी आकडा सांगितला आणि मी खूश होऊन डबा घरी आणला. नंतर कळलं की विचारायचं भलतंच राहून गेलं.

कसंय, सॅटेलाइट सगळ्यांना तेच आहेत. जीपीएसचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल सगळ्यांना फुकट मिळतो, डिव्हाइस स्वस्त आहे का महाग हे त्यांना माहीतही नसतं. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घालून ठेवायची, तेव्हा १०० मीटरपर्यंत चूक यायची, तो प्रकार बंद झाला आणि आता मोकळ्या आकाशाखाली साधासुधा रिसीव्हर पण ५ ते १० मीटरमध्ये जागा दाखवतो. वर गाडीतला डिव्हाइस तुम्हाला नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर आणून चिकटवतो, म्हणजे जी काय थोडीफार चूक असेल ती पण दिसत नाही. मग पैसे कशाचे जातात? नकाशाचे, स्क्रीनचे, अपडेटचे, बॅटरीचे. आणि स्वस्तातला घेताना लोक फसतात ते पण बरोब्बर इथेच.

मुळात वेगळीच वस्तू घेणं

हसू नका, हे खूप जणांचं होतं. 'जीपीएस' नावाने ट्रॅकर पण विकतात. त्यात सिम कार्ड घालायचं आणि तो गाडी कुठे आहे ते तुमच्या फोनला कळवत राहतो, बास, त्याला स्क्रीन नाही आणि तो रस्ता सांगत नाही. तुम्हाला हवाय नेव्हिगेटर. हा फक्त सिग्नल ऐकतो, स्वतःची जागा कुणाला कळवत नाही, त्यामुळे गाडी चोरीला गेली तर तो काडीचा उपयोगाचा नाही हे पण लक्षात असू द्या.

दुसरी गफलत म्हणजे गाडीचा आणि डोंगरात चालायचा यात. गाडीच्या डिव्हाइसला मोठी स्क्रीन, आवाज, वळणाच्या सूचना सगळं असतं पण बॅटरी नावापुरती, चार्जर काढला की तास-दोन तासात मान टाकतो. हातात धरायचा ट्रेकिंगवाला छोट्या स्क्रीनचा असतो, बऱ्याच मॉडेलला साधे डबल ए सेल चालतात, उन्हात स्क्रीन नीट दिसते, पाण्याला पण दाद देत नाही. बॉक्सवर आयपीएक्स७ लिहिलं असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो असा त्याचा अर्थ, म्हणजे पावसाला पुरे, पण पोहायला नेऊ नका. एकच डिव्हाइस दोन्हीकडे वापरू म्हणून घेतलात तर दोन्हीकडे चिडचिड होणार, हे अनुभवाने सांगतो.

आणि खरंच वेगळा डिव्हाइस हवाय का हे पण एकदा स्वतःला विचारा. फोनमधलं जीपीएस नेट नसताना चालत नाही असं खूप जणांना वाटतं, ते खरं नाही. जीपीएस चालतंच, नेट नसतं तेव्हा नकाशा लोड होत नाही एवढंच. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवला तर कधीमधी फिरणाऱ्याचं काम फोनवर भागतं. रोज तासन्तास गाडी चालवणारा, फोन उन्हात तापून बंद पडतोय म्हणून वैतागलेला, किंवा रेंज नसलेल्या भागात दिवसेंदिवस फिरणारा, अशांना मात्र वेगळा डिव्हाइस पटतो.

नकाशा न बघता घेणं (सगळ्यात महागात पडणारी चूक)

माझी चूक हीच. डिव्हाइस चांगला होता, स्क्रीन झकास, पण आतला नकाशा एवढा जुना की नवीन बायपासवरून जाताना मी स्क्रीनवर शेतातून गाडी हाकत होतो आणि बाई सारखी सांगत होती, शक्य असेल तिथून मागे वळा. नवा नकाशा विकत घ्यायला गेलो तर किंमत ऐकून वाटलं की यापेक्षा नवा डिव्हाइसच बरा. म्हणून घ्यायच्या आधी या गोष्टी विचाराच: आत कुठल्या कुठल्या देशांचा नकाशा आहे, तो कधीचा आहे, आणि अपडेट फुकट आहे का. दुसऱ्या देशातून कुणाकडून स्वस्तात मागवला असेल तर आत तिकडचाच नकाशा असतो, आणि इकडचा वेगळा विकत घ्यावा लागला की सगळी बचत तिथेच संपते.

'लाइफटाइम मॅप्स' या शब्दावर पण फार भाळू नका. लाइफटाइम म्हणजे तुमचं आयुष्य नाही, त्या डिव्हाइसचं, म्हणजे कंपनी त्याला सपोर्ट देते तोवर. आणि एक किडूकमिडूक वाटणारी पण नडणारी गोष्ट म्हणजे मेमरी. नकाशे दर वर्षी फुगतात आणि स्वस्त डिव्हाइसची आतली जागा तेवढीच राहते, मग एक दिवस अपडेट अर्ध्यात थांबतो. त्यामुळे मेमरी कार्डचा खाचा आहे का ते बघा. कार्ड टाकताना परत एक गंमत, ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे कार्डवर फाइली मांडायची पद्धत) येतात आणि बरेच जुने डिव्हाइस फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत ओळखतात, मग आपण कार्ड खराब निघालं म्हणून परत करायला जातो.

काही डिव्हाइसमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे टाकता येतात. हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनीच भरलेला फुकटचा नकाशा, आणि पायवाटांसाठी तर कितीदा कंपनीच्या नकाशापेक्षा सरस निघतो. पण हातात धरायच्या मॉडेलांपैकी सगळ्यात स्वस्त जे असतं ते कितीदा वेगळा नकाशा घेतच नाही, नुसती रेघ आणि बाण दाखवतं. ते आधी विचारा.

सेकंडहँड घेताना तारीख न बघणं

जीपीएसचा मूळ सिग्नल आठवड्याचा नंबर १० बिटमध्ये पाठवतो, म्हणजे ० ते १०२३, मग परत शून्य. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये होणार. ज्या जुन्या डिव्हाइसचं सॉफ्टवेअर अपडेट झालं नाही तो १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून जास्त, मागची तारीख दाखवत बसतो. जागा बरेचदा बरोबर दाखवतो पण ट्रेकच्या रेकॉर्डवर तारीख भलतीच. म्हणून जुना घेताना चालू करून उघड्यावर न्या, सॅटेलाइट पकडू द्या आणि मग तारीख बघा. टच स्क्रीनचे चारही कोपरे दाबून बघा, चार्जर काढून किती वेळ तग धरतो ते बघा. या गोष्टीला पंधरा मिनिटं लागतात आणि विकणारा एवढा वेळ थांबायला तयार नसेल तर सरळ निघून या.

"सिग्नलच येत नाही, डिव्हाइस फॉल्टी आहे"

नव्वद टक्के वेळा नसतो हो. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.) फोन काही सेकंदात जागा दाखवतो कारण त्याला सॅटेलाइटची माहिती नेटवरून आयती मिळते. साध्या डिव्हाइसला ती थेट सॅटेलाइटकडून घ्यावी लागते आणि तो वेग आहे सेकंदाला ५० बिट, म्हणजे गोगलगाय. एका सॅटेलाइटची स्वतःची नेमकी माहिती मिळायला अर्धा मिनिट लागतो आणि सगळ्या सॅटेलाइटचं वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. नवा डिव्हाइस, किंवा बरेच महिने कपाटात पडलेला, किंवा विमानाने लांब नेलेला, यांना पहिल्यांदा वेळ लागणारच. आपण काय करतो, घरात चालू करतो, मग तसाच गाडीत टाकून उंच बिल्डिंगांमधून निघतो, सिग्नल तुटतो आणि त्या बिचाऱ्याला परत पहिल्यापासून ऐकावं लागतं. मोकळ्या मैदानात ठेवा, पंधरावीस मिनिटं हलवू नका, चहा प्या. उंचीसकट जागा काढायला निदान ४ सॅटेलाइट लागतात.

तरी येत नसेल तर गाडीची पुढची काच बघा. ऊन अडवायला काही काचांवर धातूचा पातळ थर असतो आणि तो सिग्नल पण अडवतो, अशा काचेत आरशाजवळ थोडा भाग मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, डिव्हाइस तिथे लावून बघा. दुसरा संशयित म्हणजे स्वस्त डॅशकॅम किंवा लायटर सॉकेटमधला हलका चार्जर. यांचा इलेक्ट्रिकल गोंगाट जीपीएसचा सिग्नल गिळून टाकतो, कारण तो मुळातच फार क्षीण असतो. सगळं उपटून एक एक करून परत लावा, कोण चोर आहे ते लगेच कळतं.

चार्जरवरून आठवलं, केबल कुठलीही लावू नका. काही डिव्हाइस साधी डेटा केबल लावली की आपण कॉम्प्युटरला जोडलोय असं समजून नकाशाच बंद करतात. डब्यातली केबलच वापरा. आणि ट्रकसारख्या २४ व्होल्टच्या गाडीत लावणार असाल तर चार्जरवर १२-२४ लिहिलंय ना बघा.

रस्ता येड्यासारखा दाखवतो

सेटिंगमध्ये जा. तिथे 'शॉर्टेस्ट' असेल तर तो तुम्हाला अर्धा किलोमीटर वाचवायला कुठल्याही बोळातून नेईल. 'फास्टेस्ट' करा. कच्चे रस्ते, टोल, फेरीबोट टाळायचे पर्याय पण तिथेच असतात, आणि वाहनाचा प्रकार चुकून पादचारी राहिला असेल तर वनवेमध्ये पण उलटा घालतो.

अक्षांश-रेखांश टाकताना तर भलेभले चुकतात. ४०.५० अंश म्हणजे ४० अंश ३० मिनिटं, ४० अंश ५० मिनिटं नव्हे. अक्षांशात ही एवढी गल्लत केली की सुमारे ३७ किलोमीटर लांब जाऊन पडाल आणि दोष देणार डिव्हाइसला. समोरच्याने कुठल्या फॉरमॅटमध्ये दिलंय ते विचारून डिव्हाइसचं फॉरमॅट तसं करा.

हातातल्या डिव्हाइसचा बाण उभं राहिल्यावर गरागरा फिरतो ही पण नेहमीची तक्रार. ज्यात वेगळा होकायंत्राचा सेन्सर नाही त्याला तुमचं तोंड कुठे आहे ते कळतच नाही, तुम्ही चालायला लागलात की मागच्या जागेवरून तो दिशा काढतो. दहावीस पावलं सरळ चाला, बाण शहाण्यासारखा वागेल. सेन्सर असेल तर सेल बदलल्यावर कॅलिब्रेट करा, म्हणजे होकायंत्र नव्याने जुळवून घ्या. आणि सेल कुठल्या प्रकारचे आहेत ते सेटिंगमध्ये सांगायला विसरू नका, चार्जिंगच्या सेलचा व्होल्टेज मुळात कमी असतो म्हणून भरलेला सेल पण अर्धा दाखवतो. उंचीच्या आकड्यावर फार जीव टाकू नका, आडव्या चुकीपेक्षा ती चूक जास्त असते, दीडदोन पट सहज.

विकत घेतल्यावर परत करायची मुदत असेल तर त्या दिवसांत डिव्हाइस ओळखीच्या रस्त्यावर फिरवा, अनोळखी नाही. रोजच्या वाटेवर तो कुठे चुकतो, वळण आधी सांगतो का वळून गेल्यावर, उन्हात स्क्रीन दिसते का, खिडकी उघडी असताना आवाज ऐकू येतो का, हे दोन दिवसांत समजतं. माझा आवाजात नापास झाला होता, पण तोवर मुदत संपली होती, म्हणून अजून पण मी काच वर करूनच रस्ता ऐकतो.