ब्रेक बदलल्यावर गाडी थरथरते, आवाज करते? डिस्क फेकण्याआधी हब घासा

नवे पॅड, नव्या डिस्क, आणि गाडी आधीपेक्षा जास्त आवाज करते. गॅरेजमध्ये विचारलं की दोनपैकी एक उत्तर ठरलेलं: "चालवा, सेट होतील" किंवा "डिस्क बेंड झाली, बदलायला लागेल". पहिलं कधीकधी खरं असतं. दुसरं जवळजवळ कधीच नसतं, आणि पैसे नेमके त्याचेच जातात.

पुढचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या गाडीला धरून आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचे, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी ऐका, मग पाना उचला

काचा खाली, गाणी बंद, आणि एखाद्या लांब भिंतीच्या कडेने हळू चला. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कोणत्या बाजूचा ते लगेच कळतं. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे ब्रेक दाबल्यावर होतं, की न दाबताही?

न दाबता ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर ब्रेकचा पिच्छा सोडा आणि चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. काम करताना चाकावरचं वजन निखळून पडलं असण्याची शक्यता बरीच. घूंऽऽ असा आवाज वळणावर कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग. करकचून ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली धडधडलं तर तो एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहे, बिघाड नाही. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी खरखरते, कारण डिस्कवर गंज धरतो. चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो.

ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हललं तर दोष बहुधा पुढे. सीट हलली तर मागे. खात्री करायची तर रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात लिव्हरचं बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढा. तीच थरथर आली तर ड्रम उघडा. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करायचा नाही.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल, किंवा रिव्हर्समधून पुढे येऊन पहिला ब्रेक दाबताच "ठक्" होत असेल, तर गाडी तिथेच थांबवा आणि कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचे, बोल्ट तपासा. ते घट्ट असतील तर पॅडच्या कानांखालच्या (दोन टोकांखालच्या) क्लिपा बघा. जुन्या, ढिल्या क्लिपा तशाच ठेवल्या की पॅड पुढे-मागे आपटतो.

सोपे आवाज

पातळ पत्रा घासल्यासारखी सततची खरखर: डिस्कमागचं पत्र्याचं कव्हर काम करताना वाकलं आहे किंवा आत खडा अडकला आहे. बोटाने मागे वाकवा.

गाडी चालताना बारीक चीं, ब्रेक दाबला की बंद: पॅड झिजल्याची सूचना देणारी लोखंडी जीभ डिस्कला टेकते आहे. आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत बसलाय का ते बघा.

ब्रेक दाबल्यावर चीं: पॅडमागची शिम (पातळ पत्री) विसरली गेली आहे, किंवा पॅड आपल्या खाचेत सहज सरकत नाही. ब्रॅकेटवरचा गंज घासून काढा, नव्या क्लिपा घाला, आणि पॅडच्या कानांना ब्रेकचंच ग्रीस अगदी नखभर लावा. कॅलिपरच्या पिनांना साधं पिवळं ग्रीस लावणारा मिस्त्री दिसला तर त्याला थांबवा. त्याने रबर फुगतं, पिन अडकते, पॅड डिस्क सोडत नाही आणि एक चाक तापून वास यायला लागतो. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस. दोनपैकी एका पिनेला टोकाशी रबर असेल तर ती होती त्याच भोकात परत गेली पाहिजे.

थरथर: इथे घाई केलीत की डिस्कचा दुसरा जोड विकत घ्याल

या भानगडीने मलाही बरंच छळलं आहे, कारण ती लगेच दिसत नाही. काम झाल्या दिवशी ब्रेक लोण्यासारखा मऊ. दोन-चार हजार किलोमीटर झाले की एखादा घाट उतरताना स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. तोवर ब्रेकचं काम झाल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

आत घडतं ते असं. डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग म्हणजे हब. जुनी डिस्क काढल्यावर हबाच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे राहतात, कोकणातल्या गाड्यांवर तर हमखास. नवी डिस्क त्यांच्यावरच बसवली की ती किंचित तिरकी बसते. हबाचं तोंड साधारण १३५ मिलिमीटर रुंद धरा. एका कडेला ०.०५ मिलिमीटर गंज असेल, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा, तर डिस्कच्या कडेला तिरकेपणा ०.०८ च्या पुढे जातो. मग दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते, ब्रेक दाबलेला नसतानासुद्धा. ती जागा हळूहळू पातळ होते. जाडीत नुसता ०.०१५-०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला आणि हाताला जाणवतो. म्हणजे डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते. त्याच गंजक्या हबावर आणखी एक नवी डिस्क लावली तर तीही तितक्याच किलोमीटरांत तशीच होणार.

म्हणून डिस्क काढा. अडकली असेल तर पॅड जिथे घासतो त्या भागावर हातोडा मारू नका. बऱ्याच डिस्कना आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप सुटते. हबाचं तोंड तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. खरा गंज स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांच्या) मुळाशी लपतो आणि लोक नेमका तोच सोडतात. डिस्कची आतली बाजूही घासा. हबावर ग्रीस थापू नका. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ती छातीत जाते.

आता डिस्क फिरताना किती डोलते ते मोजा. डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं यंत्र) चुंबकाच्या स्टँडसकट फार महाग नाही, नसेल तर लेथवाल्याकडे मिळेल. वॉशर घालून डिस्क चाकाच्या सगळ्या नटांनी नीट आवळा, गेजचं टोक कडेपासून १० मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवा. कंपनीची मर्यादा पुस्तिकेत असते, बऱ्याच गाड्यांना ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान. मी ०.०५ च्या वर सोडत नाही. जास्त आलं तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. सगळ्यांत कमी येईल ती जागा रंगाने खूण करून ठेवा. कुठेच कमी येत नसेल तर डिस्क काढून गेज थेट हबावर लावा. तिथेही काटा डोलला तर हब किंवा बेअरिंग गेलं आहे, डिस्कचा काही दोष नाही.

"लेथवर काढून देतो", म्हणजे डिस्क कापून सपाट करून देतो, हा सल्लाही जपून घ्या. तशी काढलेली डिस्क लेथच्या पकडीत सरळ असते, तुमच्या हबावर असेलच असं नाही. गाडीवरच लावून कापणारं मशीन मिळालं तर उत्तम. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याखाली गेली की भंगारात.

शेवटी चाकाचे नट. हवेच्या गनने टर्रर्र करून आवळलेले असमान नट चांगल्या डिस्कलाही तिरकं करतात. गन फक्त नट काढायला. आवळताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा), समोरासमोरच्या क्रमाने. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, तुमचा आकडा पुस्तिकेत बघा. टायरवाला पंक्चर काढून देतो तेव्हाही हेच.

नवे पॅड डिस्कवर रुळवणं

६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट सरळ चालवून. पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक न लावता थोडं अंतर चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर पॅडचा थर त्या जागी चिकटतो आणि थरथर तिथूनही सुरू होते. खंडाळ्याचा घाट ब्रेकवर उतरून खालापूर टोलच्या रांगेत पाय पॅडलवर रोवून बसणारे हेच करत असतात. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, आणि रांगेत सपाट जागी पाय काढा.

थरथर मागून येत असेल तर ड्रममध्ये बहुतेक वेळा साचलेली धूळ निघते. शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) आणि ड्रम क्लीनरने धुवा, अ‍ॅडजस्टर मोकळा करून दोन्ही बाजू सारख्या लावा. ड्रम आतून अंडाकार झाला असेल तर जोडीने बदला.