चाइल्ड सीट सैल का राहते आणि घट्ट कशी बसवायची

चाइल्ड सीट बसवून झाली की बहुतेक जण तिचा वरचा भाग धरून हलवून बघतात. ती डुलते. मग पट्टा पुन्हा ओढायचा, गुडघा टेकवायचा, घाम गाळायचा, आणि तरी सीट डुलतेच. यात बऱ्याचदा सीट सैल नसतेच, हात चुकीच्या ठिकाणी असतो.

गाडीचा बेल्ट चाइल्ड सीटमधून ज्या वाटेनं जातो, तिथं हात ठेवा. आयसोफिक्स, म्हणजे बेल्टऐवजी गाडीतल्या कड्यांना सीट अडकवायची सोय असेल तर दोन दांडे गाडीच्या सीटमध्ये शिरतात, त्याच्या जवळ धरा. एकाच हातानं, अर्धवट लागलेलं दार ढकलून बघावं एवढ्या जोरानं, आधी डावीकडे-उजवीकडे आणि मग पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी किंवा त्याहून कमी हलली, तर ती नीट बसलेली आहे. बाळाचं तोंड मागे असणाऱ्या सीटची डोक्याकडची बाजू गाडीच्या पाठीकडे थोडी झुकते. तो दोष नाही, त्यासाठी बेल्ट आणखी ओढू नका.

याहून जास्त हलत असेल तर आधी गाडीचं सीट कव्हर तपासा. आपल्याकडे नवी गाडी शोरूममधून निघाली की आठवड्याभरात तिला फोम भरलेलं रेक्झिनचं कव्हर चढतं. हा फोम सीटच्या वजनाखाली हळूहळू दबतो आणि सकाळी घट्ट असलेला बेल्ट संध्याकाळी सैल होतो. रेक्झिन गुळगुळीत, त्यामुळे चाइल्ड सीट आडवी घसरते. शिवाय आयसोफिक्सचे कडे कव्हरखाली गाडले जातात. दांडा कड्यावर न बसता रेक्झिनच्या घडीत अडकतो आणि बसल्यासारखा वाटतो. कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडून कड्यांच्या जागी नीट चिरा करून घ्या, नाहीतर मुलाच्या जागेपुरतं कव्हर काढूनच टाका. आमचं मत दुसऱ्या उपायाकडे झुकतं. कव्हर सांभाळण्यासाठी मुलाची सीट सैल ठेवणं कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आयसोफिक्सचे कडे गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक जिथं मिळते त्या फटीत असतात. सहा मिलिमीटर जाडीच्या दोन सळया, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. आधी बोटांनी चाचपून त्या शोधा. दांडे पूर्ण बाहेर काढा, दोन्ही एकदम सरळ आत ढकला. ‘खट्’ असा आवाज दोनदा यायला हवा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा हिरव्या दिसायला हव्यात. एकच हिरवी असेल तर सीट एका कोपऱ्यावर फिरते.

इथपर्यंत नीट करूनही सीट सैल राहते, कारण पुढची पायरी विसरली जाते. दांडे अडकल्यावर अख्खी सीट मागे, गाडीच्या पाठीकडे दाबायची असते. बहुतेक सीटमध्ये दांडे कट-कट करत टप्प्याटप्प्यानं आत जातात. एका बाजूला जोर, मग दुसऱ्या, मग दोन्हीकडे. पुढे एकही टप्पा जाईना तेव्हा थांबा.

सीटला आधाराचा पाय असेल तर तो जमिनीवर पक्का टेकलेला हवा, पण त्यानं सीटचा तळ उचलला जाता कामा नये. पायाखाली जाड रबरी मॅट असेल तर काढा. काही गाड्यांत मागच्या पायथ्याशी झाकणाचा कप्पा असतो. त्या पोकळ झाकणावर पाय टेकवायचा की नाही, हे गाडीच्या पुस्तकात बघा.

पाय नसून वरचा पट्टा असेल तर तो वापरायचाच. मूल पुढे तोंड करून बसतं त्या सीटमध्ये हाच पट्टा धडकेत डोकं पुढे जाण्याला आवर घालतो. तो हेडरेस्टच्या दांड्यांमधून मागे नेऊन जहाजाच्या नांगराची खूण असलेल्या कड्यात अडकवायचा. डिकीत सामान बांधायला असलेला हूक तसाच दिसतो, पण त्याला हा जोर पेलत नाही.

आता बेल्टची सीट. इथं चूक व्हायच्या जागा जास्त आहेत, म्हणून सावकाश करा. आधी पट्ट्याची वाट पाहा. युरोपीय मानकाच्या सीटवर बाळाचं तोंड मागे असेल तर निळ्या खुणा, पुढे असेल तर लाल. चुकीच्या वाटेनं गेलेला बेल्ट कितीही ओढला तरी सीट धरणार नाही. पट्टा कुठेही पिळलेला नको. बकल लावा, मग एका हाताच्या तळव्यानं पट्ट्याच्या वाटेजवळ सीट खाली आणि मागे दाबा. आधी कमरेकडचा भाग ओढा, त्यातला ढिलेपणा खांद्याच्या भागात आणा, मग खांद्याचा भाग वर ओढा. दाब न सोडता सीटवरचा, पट्टा पकडून ठेवणारा चाप लावा.

हा चाप महत्त्वाचा. गाडीचा साधा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, हळू ओढला तर बाहेर येत राहतो. म्हणून चाप उघडा राहिला की घट्ट केलेली सीट दोन-चार दिवसांत पुन्हा सैल होते.

सगळं बरोबर असूनही बेल्ट ताणला जात नसेल तर बकल कुठे येतं ते पाहा. त्याचा दांडा लांब असला की बकल चाइल्ड सीटच्या कडेवर येऊन टेकतं आणि पट्टा तिथंच अडतो. ताकदीनं हे सुटत नाही. दुसऱ्या बाजूच्या जागेवर बसवून पाहा. तिथंही तेच झालं तर ती सीट त्या गाडीसाठी नाही. म्हणून दुकानदाराला विकत घेण्याआधीच ‘आमच्या गाडीत बसवून दाखवा’ म्हणावं. मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा असेल तर तीन बिंदूंच्या, म्हणजे कमर आणि खांदा दोन्हीकडून जाणाऱ्या बेल्टची सीट तिथं बसवूच नका.

पुढे तोंड असलेल्या सीटची पाठ गाडीच्या पाठीला टेकत नसेल तर मध्ये हेडरेस्ट येत असतो. वर करा किंवा, गाडीचं आणि चाइल्ड सीटचं, दोन्ही पुस्तकं परवानगी देत असतील तर, काढून ठेवा.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. पोकळी भरायला खाली उशी किंवा चादर ठेवणं, नायलॉनच्या दोरीनं सीट बांधणं, पुस्तकात सांगितलं नसताना आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही लावणं. जुन्या गाडीत कडे नसतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते वेल्डिंग करून घ्यायचा विचार मनात येतो, कारण तिथं लोखंडाचं काहीही बनवून मिळतं. पण ते कडे गाडीच्या सांगाड्यात ठरावीक जोर सोसायला बसवलेले असतात. त्या गाडीत बेल्टची सीटच वापरा. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली चाइल्ड सीट तिथं कधीच नको.

आणि सीट जमत नाही म्हणून ती डिकीत टाकून बाळाला आजीच्या मांडीवर देऊ नका. गळीत हंगामात वळणावर अचानक उसाची ट्रॉली समोर येते, तेव्हा कितीही घट्ट धरलेलं मूल हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट न लावल्यास हजार रुपये दंडही आहे.

बसवून झाल्यावर पहिली फेरी जोतिबाची करा. त्या घाटाच्या वळणांवर फोम काय दबायचा तो दबतो. वर पोचल्यावर, मुलाला उतरवून, पट्ट्याच्या वाटेवर पुन्हा हात ठेवा आणि गरज असेल तर एकदा ताणून घ्या. नंतर आठवड्यातून एकदा पुरतं. त्याच वेळी बकलमध्ये डोकावा. भडंगातले चुरमुरे आणि शेंगदाणे तिथं हमखास अडकतात आणि बकल अर्धंच लागतं. गाडीचं बकल उघड्या तोंडानं खाली करून हलकेच ठोका. चाइल्ड सीटच्या आतल्या पट्ट्यांचं बकल सुटं होत असेल तर ते काढून कोमट पाण्यात हलवून धुवा आणि पूर्ण वाळवा. तेल किंवा ग्रीस घालू नका, त्याला धूळ चिकटते.