ड्रायक्लीनिंगच्या द्रावकाने दूषित झालेल्या भूजलावर लक्ष कसे ठेवावे

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे पाण्याने नाही, द्रावकाने धुतात. कित्येक दशके त्यासाठी टेट्राक्लोरोएथिलीन, म्हणजे ‘पर्क’, सर्रास वापरले गेले. यंत्राची गळती किंवा गटारात सोडलेले पाणी, एवढ्यानेही ते जमिनीत उतरते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर पर्कचे वजन साधारण १.६ किलो. हिशेब मांडला तर तेवढे पर्क सुमारे ३२ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. त्यामुळे गळती किरकोळ होती, हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. यंत्र कुठे होते, सांडपाण्याची नळी कुठून जात होती, द्रावकाचे पिंप कुठे ठेवत, हे जुन्या नकाशांवरून आणि तिथे काम केलेल्या माणसांकडून काढा.

मग निरीक्षण विहिरी, म्हणजे फक्त पाणी तपासण्यासाठी खोदलेल्या विहिरी. भूजल कोणत्या दिशेला वाहते हे कळायला किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नकोत. तिन्हींची पाणीपातळी एकाच दिवशी मोजा. त्यानंतर प्रवाहाच्या दिशेने पाहता गळतीच्या वरच्या अंगाला, गळतीपाशी आणि खालच्या अंगाला विहिरी ठरवा.

खोलीच्या बाबतीत फार चुका होतात. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पर्क पाण्यात बुडते. ते भूजलाच्या पातळीखाली जाते आणि चिकणमातीच्या थरावर साचते किंवा खडकाच्या भेगांत शिरते. नुसत्या वरच्या पाण्याचा नमुना घेतला, तर खाली साठा असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून एकाच जागी वेगवेगळ्या खोलीच्या विहिरी हव्यात. मात्र चिकणमातीचा थर बेफिकिरीने भेदला, तर पर्कला खालच्या स्वच्छ पाण्यात उतरायला आपणच वाट करून देतो. हे खोदकाम जाणकारांच्याच हाती द्या.

नमुना घेताना घाई नको. पर्क हवेत लगेच उडते, त्यामुळे बादलीत पाणी खळखळून काढले तर ते नमुन्यातूनच निघून जाते. पंप मंद, मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत चालवा आणि सामू, विद्युतवाहकता व विरघळलेला ऑक्सिजन यांची मोजमापे स्थिरावली की मगच नमुना घ्या. काचेची कुपी ४० मिलिलिटरची असते. तिच्यात बहुधा आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, म्हणून ती विसळू नका आणि भरताना ओतू जाऊ देऊ नका. काठावर पाण्याची फुगीर टोपी दिसेपर्यंत हळू भरा, झाकण लावा, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारा. बुडबुडा वर सरकताना दिसला, तर ती कुपी बाजूला ठेवून नवी भरा, कारण कुपीतले पर्क त्या बुडबुड्यातल्या हवेत निघून येते. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवा. सर्वांत स्वच्छ विहिरीपासून सुरुवात करून सर्वांत दूषित विहीर शेवटी घ्या. प्रयोगशाळेत भरलेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपी जाता-येता सोबत असू द्या. तिच्यात पर्क सापडले, तर प्रवासातच गडबड झाली असे समजा.

प्रयोगशाळेला फक्त पर्क तपासायला सांगू नका. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जिवाणू पर्कमधले क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. आधी ट्रायक्लोरोएथिलीन, मग डायक्लोरोएथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी एथिलीन तयार होते. ही साखळी मध्येच अडली, तर पर्क घटलेले दिसते, पण व्हिनाइल क्लोराइड वाढलेले असते. माणसाला त्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि अमेरिकेत त्याची मर्यादा पर्कपेक्षा कडक, लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. ‘पर्क निम्म्यावर आले’ एवढेच सांगणारा अहवाल मला अपुरा वाटतो.

पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी नमुने घ्या, म्हणजे पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा फरक कळेल. प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहा. पावसाने पातळी चढून आकडा उतरला, तर पाणी सुधारले असे लगेच धरू नका.

दूषित पाण्यावर घरे असतील, तर जमिनीखालून पर्कची वाफ वर येते आणि फरशीच्या भेगांतून, नळ्यांच्या कडेने खोल्यांत शिरते. तिथे पिण्याचे पाणी बाहेरून येत असले, तरी फरशीखालच्या आणि खोलीतल्या हवेचेही नमुने घ्या.