कॅथेड्रलच्या बालगायकवृंदाशी आपल्या कुटुंबाचे नाते कसे जोडावे

इंग्लंडमधील जुन्या शहरांत शाळेचे सत्र चालू असताना आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी एक गोष्ट नेमाने घडते. साधारण आठ ते तेरा वर्षांची मुले शाळा सुटल्यावर कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, जमतात, तालीम करतात आणि त्यानंतर पाऊण तासाची सायंप्रार्थना गाऊन घरी किंवा वसतिगृहात परततात. ही प्रार्थना ऐकायला पैसे पडत नाहीत आणि दारात कोणी धर्म विचारत नाही. तरीही नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबे त्या इमारतीवरून रोज जातात आणि आत मात्र शिरत नाहीत. पुढील माहिती त्यांच्यासाठी आहे. असा गायकवृंद ही साऱ्या शहराची ठेव असते आणि ऐकणारे, मुले पाठवणारे व खर्चाला हातभार लावणारे नागरिक असतील तेवढाच काळ ती टिकते, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी ऐकण्याची. या सायंप्रार्थनेला इव्हनसाँग म्हणतात. तिची घडण 1549 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून आली, आणि 1662 च्या आवृत्तीतील तिचे रूप अनेक ठिकाणी आजही जवळजवळ जसेच्या तसे गायले जाते. कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर त्या महिन्याची संगीतसूची असते. कोणत्या दिवशी मुले गाणार, कोणत्या दिवशी मुली, कोणत्या दिवशी फक्त प्रौढ गायक आणि कोणत्या संगीतकाराची रचना, हे सारे तीत दिलेले असते. ती पाहूनच दिवस ठरवावा, कारण नाताळ-ईस्टरचे दिवस सोडले तर शाळेला सुट्टी असताना हा गायकवृंदही बहुधा सुट्टीवर असतो आणि त्याच्या जागी अनेकदा पाहुणे गायक येतात. पहिल्या भेटीसाठी रविवारपेक्षा मधला वार निवडावा. त्या दिवशी गर्दी नसते, आणि श्रोते मोजकेच असले तरी मुले तितक्याच काळजीने गातात, हे प्रत्यक्ष पाहता येते.

वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे आणि दाराशी उभ्या असलेल्या सेवकाला प्रार्थनेसाठी आल्याचे सांगावे. ज्या कॅथेड्रलमध्ये पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते, तेथेही प्रार्थनेला येणाऱ्यांना ते द्यावे लागत नाही. जागा असल्यास गायकांच्या लाकडी आसनांजवळ बसू देण्याची विनंती अवश्य करावी. मुले समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात आणि बायबलमधील स्तोत्राचे चरण आलटून पालटून गातात. मधोमध बसणाऱ्याला हा स्वरांचा देवघेवीचा खेळ दोन्ही कानांनी ऐकू येतो. इतर लोक उभे राहतील तेव्हा उभे राहावे, बसतील तेव्हा बसावे. आपल्या श्रद्धेत न बसणारे शब्द उच्चारण्याची सक्ती कोणी करत नाही. टाळ्या वाजवू नयेत आणि फोनवर ध्वनिमुद्रण करू नये. आरंभी धर्मगुरू आणि गायक यांची छोटी प्रश्नोत्तरे होतात, मग स्तोत्र, बायबलमधील दोन वाचने, त्यांना जोडून येशूची आई मरीया आणि वृद्ध शिमोन यांच्या तोंडची बायबलमधील दोन गीते, आणि शेवटाकडे त्या दिवसाची खास रचना असते. जुन्या वाटणीनुसार 150 स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत पूर्ण होतात. जेथे ही वाटणी अजून पाळली जाते, तेथे पंधराव्या संध्याकाळी सत्तरहून अधिक वचनांचे 78 वे स्तोत्र येते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिल्या भेटीसाठी ती तारीख टाळावी.

जाण्याआधी घरी थोडे ऐकून घेतल्यास फार उपयोग होतो. बीबीसी रेडिओवर इव्हनसाँगचे प्रक्षेपण 1926 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीमधून सुरू झाले आणि रेडिओ 3 वर ते आजही दर आठवड्याला वेगवेगळ्या ठिकाणांहून होते. संगीतकार हर्बर्ट हॉवेल्स यांच्या रचना मुद्दाम ऐकाव्यात. त्यांनी ग्लॉस्टर कॅथेड्रलसाठी 1946 मध्ये आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसाठी 1951 मध्ये मरीयेच्या आणि शिमोनाच्या त्याच दोन गीतांना वेगवेगळ्या चाली दिल्या. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली नाद बराच वेळ रेंगाळतो, म्हणून तेथल्या रचनेत स्वरसमूह सावकाश बदलतात. वास्तू, तिचा प्रतिध्वनी आणि तेथे गाणारी मुले यांचा इतका विचार करून लिहिलेले संगीत त्या शहराचेच असते. ते गाणारा गायकवृंद बंद पडला, तर स्वरलिपी कागदावर उरते आणि ते संगीत जेथे नांदत होते ती जागा मुकी होते.

हा धोका काल्पनिक नाही. 1640 च्या दशकात संसदेच्या आदेशाने कॅथेड्रलमधील गायन थांबले आणि 1660 नंतर ते नव्याने उभे करावे लागले. अलीकडे, 2020 मध्ये, शेफील्ड कॅथेड्रलने नव्या पद्धतीने सुरुवात करण्यासाठी आपला गायकवृंद विसर्जित केला. गायकवृंद मूठभर सुखवस्तू कुटुंबांपुरता उरतो, ही टीका वारंवार होते आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. तिला मला सर्वांत पटणारे उत्तर लीड्सच्या कॅथलिक धर्मप्रांताने दिले आहे. तेथे संगीतशिक्षक सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत जाऊन दर आठवड्याला हजारो मुलांना गायला शिकवतात, आणि कॅथेड्रलचा गायकवृंद त्याच मुलांतून उभा राहतो. आपल्या शहरात असा उपक्रम आहे का, हे मुलाच्या शाळेत विचारावे, आणि नसेल तर पालकसभेत मुख्याध्यापकांपुढे हा विषय काढावा. अनेक कॅथेड्रलची मुले प्राथमिक शाळांत जाऊन तेथील मुलांबरोबर गातात. त्यासाठी कोणीतरी निमंत्रण द्यावे लागते, एवढेच.

आता मुलाला पाठवण्याविषयी. निवड बहुधा सात ते नऊ या वयात होते, कारण आवाज फुटण्यापूर्वी शिकायला चार-पाच वर्षे मिळावी लागतात. प्रथम संगीत विभागाला पत्र लिहून मुलाची अनौपचारिक भेट ठरवावी. बऱ्याच ठिकाणी मुलांना एक दिवस गायकांबरोबर घालवू देण्याचा कार्यक्रमही असतो. आवाजाच्या चाचणीत मुलाने तयार केलेले एक गाणे, ऐकलेली सुरावट परत गाणे, टाळीने ताल धरणे, एखादा उतारा मोठ्याने वाचणे आणि एकदम वाजवलेल्या दोन-तीन स्वरांपैकी एक ओळखून गाणे, अशा गोष्टी असतात. पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसली तरी बहुतेक ठिकाणी अडत नाही. ती पुढे शिकवली जाते.

आपल्याकडे गाणे शिकलेल्या मुलाला चाचणीतील शेवटची गोष्ट अनोळखी वाटते, कारण आपल्या तालमीत एका वेळी एकच स्वर कानावर येतो. घरातल्या पेटीवर सा, ग आणि प एकदम दाबून धरावेत आणि मुलाला मधला गंधार गायला सांगावे. मग हेच निरनिराळ्या पट्ट्यांत करावे. दुसरा फरक आवाजाच्या लावण्याचा. आपली मुले छातीतून मोकळा, भरीव आवाज लावतात, तर येथे वरच्या सप्तकात हलका, डोक्यात घुमणारा आवाज लागतो. ‘ऊ’ या स्वरावर उंचावरून खाली घसरत येण्याचा सराव रोज पाच मिनिटे केल्यास तो सापडू लागतो. मात्र गळ्यावर कधीही जोर देऊ नये आणि चाचणी जवळ आली म्हणून मुलाचा छळ मांडू नये. निवड करणारे शिक्षक तयारीपेक्षा कान आणि उत्साह पाहतात.

होकार देण्याआधी संपूर्ण वेळापत्रक लेखी मागून घ्यावे. शाळेपूर्वीची तालीम, संध्याकाळची प्रार्थना आणि रविवारच्या एकाहून अधिक प्रार्थना यांतून आठवडा भरून जातो, आणि नाताळ व ईस्टर हे सण मुले कॅथेड्रलमध्येच घालवतात. काही ठिकाणी मुलाला कॉयर स्कूलच्या, म्हणजे कॅथेड्रलशी जोडलेल्या बालगायकांच्या शाळेच्या, वसतिगृहात ठेवावे लागते. लेस्टरसारख्या ठिकाणी कॅथेड्रलची स्वतःची शाळा नाही आणि मुले वेगवेगळ्या शाळांतून येतात, म्हणून आपल्या शहरातील पद्धत आधी समजून घ्यावी. कॉयर स्कूल बहुधा खासगी असते. तेथे गायकांना शुल्कात मोठी सवलत मिळते, पण 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या शुल्कावर 20 टक्के मूल्यवर्धित कर लागू झाल्याने एकूण आकडा पुन्हा मांडून घ्यावा आणि उत्पन्नावर आधारित अनुदानाची चौकशी संकोच न करता करावी.

आपले मूल वर्षानुवर्षे ख्रिस्ती उपासनेचे शब्द गाणार आहे, हे घरात मोकळेपणाने बोलून घ्यावे. अन्य धर्मांच्या मुलांविषयीचे धोरण ठिकाणागणिक वेगळे असते, म्हणून ते थेट विचारावे. मला स्वतःला यात अडचण वाटत नाही. ही स्तोत्रे कानावर पडून पाठ झालेल्या रामरक्षेसारखी मुलाच्या सोबतीला राहतात. तरीही प्रत्येक घराचा निर्णय त्याचाच असावा. सुरक्षिततेबाबत मात्र भिडस्तपणा अजिबात नको. इंग्लंडच्या चर्चमधील बाललैंगिक अत्याचारांविषयीच्या सार्वजनिक चौकशीने 2020 च्या अहवालात चर्चवर कठोर ताशेरे ओढले आहेत. मुलांसोबत नेहमी कोण असते, त्यांची पार्श्वभूमी तपासलेली आहे का आणि तक्रार कोणाकडे करायची, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. जेथे या प्रश्नांचे स्वागत होत नाही, तेथे मूल पाठवू नये.

या शिक्षणातून शहराला काय मिळते, हे मुले मोठी झाल्यावर दिसते. त्यांच्यातून शाळांचे संगीतशिक्षक, ऑर्गनवादक आणि हौशी गायकमंडळांचे आधारस्तंभ तयार होतात, आणि संगीताबाहेरही ही शिस्त कामाला येते. 2006 मध्ये नागपूरला कसोटी पदार्पणातच 60 आणि नाबाद 104 धावा करणारा ॲलिस्टर कुक लहानपणी सेंट पॉल्स कॅथेड्रलचा बालगायक होता. मुंबईलाही ही परंपरा परकी नाही. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 मध्ये उघडले, आणि 1860 मध्ये सुरू झालेल्या कॅथेड्रल शाळेच्या स्थापनेमागे त्याला बालगायक मिळावेत हाही एक हेतू होता.

मुलींविषयीही सांगायला हवे. सॉल्सबरी कॅथेड्रलने 1991 मध्ये मुलींचा स्वतंत्र गायकवृंद उभा केला आणि त्यानंतर इतरांनी तो मार्ग धरला. घरात मुलगी असल्यास वरील सर्व सूचना तिलाही लागू आहेत. मुलग्यांचा वेगळा गट ठेवण्याचे कारण एवढेच, की या वयातील मुलगे गाणे लवकर सोडतात आणि बरोबरीचे मुलगे गाताना दिसले, तर टिकून राहतात. दोन्ही गटांना समान संधी, समान दिवस आणि समान खर्च मिळत असेल, तर या व्यवस्थेला माझा पाठिंबा आहे.

ज्यांच्या घरी त्या वयाचे मूल नाही, त्यांनी कॅथेड्रलच्या मित्रमंडळाचे सभासद व्हावे किंवा 1956 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता कॅथेड्रल म्युझिक ट्रस्ट या नावाने काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्याने देणगीसोबत गिफ्ट एडचा अर्ज भरल्यास प्रत्येक पौंडामागे 25 पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात. पैसे देणे शक्य नसेल, तर महिन्यातून एखाद्या बुधवारी किंवा गुरुवारी जाऊन बसावे, जाताना शेजारच्या एका कुटुंबाला सोबत न्यावे आणि बाहेर पडताना मुलांच्या शिक्षकाला भेटून ऐकलेल्या रचनेविषयी दोन शब्द बोलावेत.